स्टेंट आत असतानाच मशीनवर परत गेलो. तुम्ही कसं निभावलंत?

लेथवाला | रविवार, रात्री ९:५०

नमस्कार. वय ३४. चाकणला एका कंपनीत सीएनसी लेथवर आहे, कंत्राटी. डाव्या मूत्रपिंडात १४ मिमीचा मुतखडा होता. आरआयआरएस झालं, म्हणजे लघवीच्या मार्गाने दुर्बीण घालून लेझरने खड्याचा भुगा केला आणि आत डीजे स्टेंट ठेवला, म्हणजे लघवीची वाट मोकळी ठेवणारी बारीक नळी. आज अकरावा दिवस. स्टेंट एकविसाव्या दिवशी काढायचा आहे.

सुट्टी देताना डॉक्टर म्हणाले, आठवड्याने हलकं काम करा. हलकं म्हणजे काय हे मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. आठव्या दिवशी पहिल्या शिफ्टला हजर झालो. माझं काम म्हणजे आठ तास उभं राहणं, दर चार मिनिटांनी सहा-सात किलोचा जॉब लावणं-काढणं आणि भरलेला बिन ढकलणं. स्टेंटमुळे दर अर्ध्या-पाऊण तासाने लघवी लागते आणि लागली की थांबवता येत नाही. मुतारी शेडच्या दुसऱ्या टोकाला आहे. मी गेलो की मशीन बंद. दुसऱ्याच दिवशी सुपरवायझर म्हणाले, दोनदा ठीक आहे, सारखं सारखं नको, टार्गेट मागे पडतंय.

मग मी पाणी पिणं बंद केलं. आख्ख्या शिफ्टला अर्धी बाटली. दुपारी लघवी काळ्या चहासारखी आणि सुटीच्या वेळी लाल. लघवी करताना कमरेत डाव्या बाजूला अशी कळ जाते की भिंत धरावी लागते. कालपासून अंग मोडून आलंय, आज संध्याकाळी थंडी वाजली.

बायको म्हणते त्यांना स्पष्ट सांगा. पण लाईनवर सहा जणांसमोर हा विषय कसा काढायचा? पुढच्या महिन्यात कंत्राट नवं व्हायचंय. ज्यांनी असं काही करून परत काम धरलं त्यांनी सांगा, किती दिवसांनी गेलात आणि कामावर काय सांगितलंत?

सिस्टर_वॉर्ड७ | रविवार, रात्री १०:०५

बाकीचं नंतर. ताप मोजलात का? स्टेंट आत असताना थंडी वाजून येणं हे घरी थांबून बघायचं लक्षण नाही. आत्ता थर्मामीटर लावा आणि आकडा इथे लिहा.

लेथवाला | रविवार, रात्री १०:२०

१०१.८. संध्याकाळी पॅरासिटामॉल घेतली होती.

सिस्टर_वॉर्ड७ | रविवार, रात्री १०:२२

गोळी घेऊनही १०१.८ म्हणजे लगेच निघा. जिथे ऑपरेशन झालं तिथेच, इमर्जन्सीत. फाईल आणि डिस्चार्ज कार्ड बरोबर घ्या. तिथल्या माणसाला पहिलं वाक्य हेच सांगा: डाव्या बाजूला स्टेंट आहे आणि थंडी वाजून ताप आलाय. बाईक नको, रिक्षा करा. सकाळची वाट बघू नका.

लेथवाला | रविवार, रात्री १०:३१

निघतोय.

पांढरा_खडू | सोमवार, सकाळी ६:३०

लेथवालादादा, पोचल्याचं कळवा. रात्री धागा वाचला आणि झोप लागली नाही, कारण ही पाणी न पिण्याची गोष्ट माझीच आहे.

मी प्राथमिक शिक्षिका. उजव्या मूत्रवाहिनीत ८ मिमीचा खडा अडकला होता, दुर्बिणीने काढला, स्टेंट १५ दिवस होता. आमच्या शाळेत तेव्हा शिक्षिकांसाठी एकच संडास होता, कडी मोडलेली, पाणी बादलीने न्यायचं. नोकरीची १४ वर्षं मी घरून निघताना चहासुद्धा अर्धा टाकून निघायचे, म्हणजे शाळा सुटेपर्यंत जावं लागणार नाही. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की डॉक्टरांनी 'शाळेच्या वेळात किती पाणी पिता' असं विचारलं तेव्हा मला मोजून सांगावं लागलं. एक ग्लास. कधी तोही नाही. खडा व्हायला आणखीही कारणं असतील, पण डॉक्टरांनी बोट ठेवलं ते यावरच.

परत जाताना मला शरीराची भीती नव्हती, त्या संडासाची होती. रजेचा प्रश्न नव्हता. वर्षाला २० दिवस अर्धवेतनी रजा खात्यावर जमते, डॉक्टरांच्या दाखल्यावर ती परिवर्तित करून घेतली की पगार पूर्ण मिळतो आणि खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. हजर होताना तंदुरुस्तीचा दाखला द्यावा लागतो. या दाखल्यावर डॉक्टर सहसा 'कामास योग्य' एवढंच लिहितात. मी हट्ट धरून त्याखाली एक ओळ लिहून घेतली: 'भरपूर पाणी पिणे व दर दोन तासांनी लघवीस जाणे वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक.'

त्या ओळीने सगळं काम केलं. मला मुख्याध्यापकांसमोर तोंडाने काही बोलावं लागलं नाही, कागद पुढे ठेवला. त्यांनी वाचला, दोन मिनिटं गप्प राहिले आणि म्हणाले, बाई, हे आधीच सांगायचं होतं. त्याच आठवड्यात कडी बसली. टाकी आणि नळ यायला दिवाळी उजाडली, पण आले. आणि मग कळलं की बाकीच्या तिघीही माझ्यासारख्याच पाणी न पिता दिवस काढत होत्या.

दत्तमळा | सोमवार, सकाळी ८:१५

लेथवाल्या पोरा, आधी बरा हो. मी ६८ वर्षांचा शेतकरी. गेल्या हंगामात प्रोस्टेटचं टीयूआरपी झालं, म्हणजे लघवीच्या मार्गानेच आत जाऊन वाढलेलं प्रोस्टेट कोरून काढलं. तिसऱ्या दिवशी नळी काढली, चौथ्या दिवशी घरी. वर्षभर रात्री पाच-पाच वेळा उठणारा माणूस मी, धार मोकळी झाली तसं वाटलं आता काही राहिलं नाही. बाहेरून बघावं तर टाका नाही, पट्टी नाही. घरच्यांनाही तेच वाटलं.

बाराव्या दिवशी टोमॅटोची तोड होती. गाडी येऊन उभी आणि दोन गडी आलेच नाहीत. मी चार क्रेट उचलले, वीस-वीस किलोचे. संध्याकाळी लघवीत रक्त, मग रक्ताच्या गाठी आणि रात्री दहाला लघवी बंद. पोट फुगून दगड झालं. अशी तळमळ आयुष्यात पाहिली नव्हती. तालुक्याला नेलं, पुन्हा नळी घातली, पाणी मारून गाठी धुवून काढल्या, तीन दिवस पुन्हा खाटेवर.

डॉक्टरांनी तेव्हा नीट समजावलं. आत प्रोस्टेट कोरून काढलेलं असतं, तिथे खपली धरते आणि साधारण दहा ते चौदा दिवसांनी ती सुटते. नेमकं तेव्हाच माणसाला बरं वाटत असतं आणि तो वजन उचलतो, नाहीतर शौचाला जोर करतो. दोन्हीने रक्त सुटतं. मला सहा आठवडे वजन नको, ट्रॅक्टर नको आणि पोट साफ राहायला रोज रात्री इसबगोल, असं बजावलं. पुढे एकूण आठ आठवडे थांबलो. पीक मुलाने आणि व्याह्यांनी मिळून काढलं. गडी मिळत नाहीत हे खरं आहे, पण ऑपरेशनची तारीख तोडीच्या तोंडावर घेतली ती चूक माझी. शेतकऱ्यांनी तारीख ठरवताना पुढचे दोन महिने शेतात काय आहे ते आधी बघावं.

लेथवाला | सोमवार, दुपारी १:४०

वॉर्डमधून लिहितोय. रात्री पावणेबाराला पोचलो. लघवीत इन्फेक्शन, रक्तातही थोडं उतरलं होतं म्हणाले. सलाईनमधून अँटिबायोटिक चालू आहे. स्टेंट जागेवर आहे. डॉक्टर म्हणाले सकाळपर्यंत थांबला असतात तर आयसीयूत गेला असतात. सिस्टर, तुमचे उपकार कसे मानू कळत नाही.

दत्तमळा काका, तुमचं वाचून बाजूच्या खाटेवरच्या आजोबांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांचंही टीयूआरपी झालंय, ते दुधाच्या कॅनबद्दल विचारत होते.

सिस्टर_वॉर्ड७ | सोमवार, दुपारी ३:१०

वेळेवर पोचलात, पुष्कळ झालं. आता शांतपणे सांगते.

स्टेंटची एक टोकाची गुंडाळी मूत्रपिंडात असते, दुसरी मूत्राशयात. खालची गुंडाळी मूत्राशयाला घासते म्हणून सारखी लागते. लघवी करताना दाब स्टेंटमधून उलटा वर जातो म्हणून कमरेत कळ येते. चाललं, वाकलं, गाडी खड्ड्यातून गेली की घासणं वाढतं आणि रक्त दिसतं. हे सगळं अपेक्षित आहे, यासाठी गोळ्या मिळतात, मागून घ्या. फिकट गुलाबी लघवी पाणी वाढवलं की निवळते. टोमॅटोच्या सारासारखी दाट झाली, गाठी पडल्या, लघवी अडली किंवा ताप आला तर लगेच यायचं.

आणखी एक, तुम्ही कामावर परत गेल्यावर हे विसराल म्हणून आत्ताच सांगते. स्टेंट काढायची तारीख मोबाईलमध्ये घाला आणि बायकोच्या मोबाईलमध्येही. आमच्याकडे दोन वर्षं स्टेंट आत राहिलेला पेशंट आला होता. दुखायचं थांबलं, कामावर गेला, विसरला. स्टेंटवरच सगळीकडे खडे चढले होते. जो स्टेंट पाच मिनिटांत निघाला असता त्यासाठी दोन ऑपरेशनं लागली.

उजवी_बाजू | सोमवार, रात्री ९:३०

आजवर इथे फक्त वाचत आलो. पांढरा_खडू ताईंचं वाचून लिहावंसं वाटलं.

मी बँकेत, वय ५३. मूत्राशयाचा कर्करोग. २५ वर्षं सिगारेट ओढली. मूत्राशयाच्या कर्करोगाचं सगळ्यात मोठं कारण तंबाखू आहे हे मला निदान झाल्यावर कळलं. तोवर फुप्फुसाचीच भीती घालून घेतली होती. परळला टाटात मूत्राशय काढलं आणि आतड्याचा वीतभर तुकडा घेऊन लघवीला पोटावर वाट करून दिली. बेंबीच्या उजव्या खालच्या बाजूला लालसर बोंडासारखा स्टोमा आहे, त्यावर पिशवी. ती आयुष्यभर.

तीन महिन्यांनी शाखेत परत गेलो. त्याआधी घरी पंधरा दिवस तालीम केली: शर्ट-पँट घालून, खुर्चीत बसून, बँकेच्या वेळेत. कोणत्या वेळी पिशवी किती भरते, वाकल्यावर पट्टा कुठे दाबतो, हे सगळं लिहून काढलं. हे मी प्रत्येकाला सांगेन, कारण घरातल्या लुंगीत सगळं सोपं असतं.

तरी पहिल्याच दिवशी गळती झाली. काउंटरवर समोर पाच-सहा लोक, आणि कमरेशी गरम ओल लागली. तो क्षण मी विसरणार नाही. उठलो, 'दोन मिनिटं' म्हणालो, रेकॉर्ड रूममध्ये गेलो. ड्रॉवरमध्ये पूर्ण संच ठेवला होता म्हणून वाचलो: आधीच भोक कापून ठेवलेली चकती (पिशवी कातडीला धरून ठेवते ती), पिशवी, गॉज, ओले रुमाल, जाड प्लॅस्टिकची थैली, एक पँट. पँट गडद रंगाचीच. अकरा मिनिटं लागली. परत येऊन बसलो. रांगेतले एक आजोबा म्हणाले, बसा साहेब, आम्हाला घाई नाही. त्यांना काही कळलं होतं का, माहीत नाही.

त्या संध्याकाळी मी शेजारच्या काउंटरवरच्या सहकाऱ्याला सगळं सांगितलं. फक्त एकाला. मी उठलो की तो माझी रांग घेतो, बस, एवढंच ठरलं. शाखेत बाकी कुणाला काय माहीत आहे याची मी चौकशी करत नाही. लेथवाला, तुम्ही विचारलंत सहा जणांसमोर कसं सांगायचं. सहा जणांना सांगूच नका. ज्याच्यामुळे तुमचं काम अडतं किंवा चालतं तो एक माणूस शोधा.

पिशवीवाल्या कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून: बदलायचं काम सकाळी उठल्या उठल्या, पाणी प्यायच्या आधी करा, तेव्हा लघवी कमी येते. एक तृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करा, जड झाली की चकती ओढली जाते. लघवीत शेंबडासारखे धागे दिसतात ते आतड्याचे, घाबरू नका. पाणी कमी करू नका. मी पहिले दोन आठवडे पिशवी भरू नये म्हणून तोंड कोरडं ठेवून बसायचो. दुसऱ्या आठवड्यात ताप आला. आपण सगळे एकच चूक करतो आहोत, हे या धाग्यावरून लक्षात आलं. नाण्यांच्या पिशव्या उचलत नाही, तिथे हर्नियाचा धोका असतो. आणि मुंबईत ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया आहे. आधी पिशवी लागलेली माणसंच नव्यांशी बोलतात. माझ्या खाटेशी आलेले गृहस्थ इन शर्ट करून आले होते. अर्धा तास बोलल्यावर म्हणाले, माझ्याही पोटावर आहे. मला कळलंच नव्हतं. कामावर परत जाता येईल हे मी तेव्हा मनात धरलं.

पांढरा_खडू | सोमवार, रात्री १०:०५

दादा, डोळ्यांत पाणी आलं. लिहीत राहा.

रजेचा_अर्ज | मंगळवार, सकाळी ११:००

मी पुण्याजवळच्या एका कारखान्यात एचआरमध्ये आहे. लेथवाला, तुमच्या पगारातून ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, कापला जातो का? दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असेल तर कंत्राटी कामगारालाही लागू आहे. तसं असेल तर तुम्ही बिनपगारी घरी बसायची भीती बाळगू नका. ईएसआयच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. पहिले दोन दिवस सोडून वेतनाच्या ७० टक्के आजारपणाचा भत्ता मिळतो, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. कर्करोगासारख्या दीर्घ आजारांना यापुढेही वाढीव मुदत आणि ८० टक्के आहे. आणि भत्ता चालू असताना कामावरून काढता येणार नाही, असं ईएसआयच्या १९४८ च्या कायद्यातच लिहिलं होतं; आता त्या जागी नवी संहिता आली आहे, तेव्हा ईएसआय कार्यालयात विचारून घ्या.

मुतारीचं म्हणाल तर कामगाराला कामावर असताना कधीही जाता येईल अशी सोय हवी, हे १९४८ च्या कारखाना कायद्यापासून चालत आलंय. 'दोनदाच' असा नियम कुठल्याही कायद्यात नाही. पण कायदा दाखवून भांडण सुरू करू नका असं मी मनापासून सांगते. सुपरवायझरच्या हातात रिलीव्हर, म्हणजे तेवढ्या वेळापुरता बदली माणूस, द्यायचा अधिकार बहुतेक वेळा नसतो, म्हणून तो 'नाही' म्हणतो. तो अधिकार शिफ्ट इंचार्ज किंवा प्रॉडक्शन मॅनेजरकडे असतो. ताईंनी सांगितलेली ती ओळ प्रमाणपत्रावर घ्या आणि कागद एचआरला द्या. कागद फाईलला लागला की निर्णय कुणाला तरी घ्यावाच लागतो. तोंडी विनंती हवेत राहते, हे मी दहा वर्षं पाहतेय.

लेथवाला | मंगळवार, दुपारी १२:१५

ईएसआय कापतात, स्लिपवर आहे. मला वाटायचं तो फक्त दवाखान्यासाठी असतो.

मूत्ररोग_नागपूर | मंगळवार, रात्री ११:२०

मी मूत्ररोगतज्ज्ञ आहे. धागा वाचताना आमची एक चूक ठळक दिसली. 'हलकं काम करा' असं आम्ही रोज दहा जणांना सांगतो, पण तुम्ही काय काम करता हे विचारत नाही. खुर्चीवर बसणाऱ्याला आरआयआरएसनंतर तीन-चार दिवसांत कामावर जाता येतं. उभ्याने वजन उचलणाऱ्याला मी स्टेंट निघेपर्यंत पाठवत नाही, जमलं तर. पाठीतून भोक पाडून खडा काढला असेल, म्हणजे पीसीएनएल, तर जड कामाला महिनाभर नाही. पेशंटनी आम्हाला उलट विचारावं: माझं काम असं असं आहे, एवढं वजन, एवढे तास, मुतारी एवढ्या अंतरावर. उत्तर बदलेल.

लेथवाला, तुमचा खडा विश्लेषणाला पाठवला का विचारा. एकदा खडा झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना दहाएक वर्षांत पुन्हा होतो. पाण्याचं माप ग्लासात धरू नका, लघवीत धरा: दिवसाला अडीच लिटर लघवी झाली पाहिजे. भट्टीजवळ किंवा उन्हात काम करणाऱ्याला त्यासाठी चार लिटर प्यावं लागेल, एसीत बसणाऱ्याला तीन. मीठ कमी करा, कारखान्याच्या कॅन्टीनमधलं लोणचं-पापड-फरसाण धरून. दूध-दही बंद करू नका. आहारातलं कॅल्शियम तोडलं की ऑक्झलेट जास्त शोषलं जातं आणि खडे वाढतात. लिंबूपाणी चांगलं. कुळथाचं कढण आवडत असेल तर प्या, पण १४ मिमीचा खडा त्याने पडेल म्हणून वर्ष घालवू नका.

खाडीपार | बुधवार, सकाळी ७:००

मी खेडचा, सध्या दोहाला साईटवर. उन्हाळ्यात इथे सकाळी १० ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम बंद असतं, तरी खडे होतातच. माझे दोनदा झाले. आमच्या कॅम्पमध्ये मुतारीच्या भिंतीवर लघवीच्या रंगांचा तक्ता लावलाय, फिकट ते गडद. शिफ्टला जाताना बघायचं, गडद असेल तर एक बाटली पिऊनच गेटबाहेर. हा तक्ता तुमच्या कंपनीत कुणी लावला तर बोलायला सुरुवात करायचीच गरज उरत नाही.

लेथवाला | पाच आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ८:४०

सगळ्यांना कळवायचं राहून गेलं होतं. सहा दिवस वॉर्डात होतो. स्टेंट एकविसाव्या दिवशी न काढता इन्फेक्शन पूर्ण गेल्यावर काढला. ईएसआयच्या डॉक्टरांकडून प्रमाणपत्र घेतलं, भत्ता खात्यात जमा झाला. स्टेंट काढल्यावर आणखी आठवडा थांबून कामावर गेलो.

दाखल्यावर ती ओळ लिहून घेतली. डॉक्टर म्हणाले, असं कुणी मागत नाही. मी म्हटलं, शाळेतल्या एका ताईंनी सांगितलंय. कागद एचआरला दिला. दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी शिफ्ट इंचार्ज मशीनपाशी आले आणि म्हणाले, दर दोन तासांनी पलीकडच्या मशीनवरचा मुलगा पाच मिनिटं दोन्ही मशीन बघेल, तू त्याचं बघ. म्हणजे त्यालाही जायला मिळतं. बिन ढकलायचं काम महिनाभर हेल्परकडे दिलंय. सुपरवायझरही त्या दिवशी जवळ येऊन म्हणाले, मला माहीत असतं तर तसं बोललो नसतो. मी मानलं, कारण मीच कधी सांगितलं नव्हतं.

खडा कॅल्शियम ऑक्झलेटचा निघाला. मशीनच्या बाजूला एक लिटरची बाटली ठेवलीय, शिफ्टला दोनदा भरतो. मुतारीत तक्ता मी स्वतः छापून आणला, सेफ्टीच्या साहेबांनी सही करून लावायला दिला. कंत्राट अकरा महिन्यांसाठी नवं झालं.

मोगरा_७२ | रविवार, रात्री ९:२५

धागा आजच सापडला. माझ्या मिस्टरांचा स्टेंट मंगळवारी काढायचाय. बुधवारी त्यांची रात्रपाळी आहे, सिक्युरिटीत आहेत. काढताना खूप दुखतं का? आणि दुसऱ्या दिवशी पाठवू का?

लेथवाला | रविवार, रात्री ९:३३

वहिनी, जेली घालून सुन्न करतात. दुर्बीण आत जाताना दोन-तीन मिनिटं जळजळ होते, मग एकदम मोकळं वाटतं. मला त्या रात्री दोनदा कमरेत कळ आली आणि लघवीला आग झाली, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबली. बुधवारची पाळी कुणाशी तरी बदलून घ्या. आणि मंगळवारी डॉक्टरांना विचारताना नुसतं 'कामावर जाऊ का' असं विचारू नका. गेटवर बारा तास उभं राहायचंय, केबिनजवळ मुतारी आहे की नाही, हे सांगून विचारा. थर्मामीटर घरात आहे ना?

मोगरा_७२ | रविवार, रात्री ९:३६

नाहीये. उद्या सकाळी आणते.